सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीचे सक्रियण : कॅल्शियम संकेतांचे कार्य

शुक्रजंतूशी संयोग झाल्यावर अंडपेशीतील थांबलेले विभाजन पुन्हा सुरू होते आणि ती भ्रूणविकासाकडे वळते. या स्थित्यंतराला अंडपेशीचे सक्रियण म्हणतात. सस्तन प्राण्यांत ते अंडपेशीच्या पेशीद्रव्यातील मुक्त कॅल्शियम आयनांच्या पुनःपुन्हा होणाऱ्या चढउतारांमुळे घडून येते.

बीजांडकोशातून बाहेर पडलेली अंडपेशी बहुतेक सस्तन प्राण्यांत अर्धगुणसूत्री विभाजनाच्या (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) दुसऱ्या मध्यावस्थेत थांबलेली असते. सायक्लिन-बी व सीडीके-१ या प्रथिनांची जोडी तिला त्या अवस्थेत ठेवते, आणि सायक्लिन-बीचे विघटन करू शकणाऱ्या यंत्रणेला ईएमआय-२ हे प्रथिन रोखून धरते. पुढील वाटचालीची बरीचशी सामग्री अंडपेशीत आधीच सिद्ध असते. कॅल्शियमकडे मुख्यतः हा लगाम सोडण्याचे काम असते.

समुद्री साळिंदर (सी अर्चिन) व मेडाका मासा यांच्या अंड्यांत फलनाच्या वेळी कॅल्शियमची पातळी वाढते, हे १९७० च्या दशकात दिसून आले होते. सस्तन प्राण्यांत मात्र ही वाढ एकदाच होत नाही, तर तासन् तास स्पंदनांच्या रूपात चालू राहते. तिचा उगम शुक्रजंतूत आहे. दोन्ही पेशींची पटले एकरूप झाल्यावर शुक्रजंतूतील फॉस्फोलायपेज सी-झीटा हे विकर (एन्झाइम) अंडपेशीत उतरते. त्याची ओळख ब्रिटनमधील कार्डिफ येथील संशोधकांनी २००२ मध्ये पटवली. हे विकर पीआयपी-२ या मेदरेणूचे विघटन करून आयपी-३ हा संकेतरेणू निर्माण करते. आयपी-३ आंतर्द्रव्यजालिकेवरील (पेशीतील पटलांच्या जाळ्यावरील) ग्राहींना चिकटताच तेथे साठवलेले कॅल्शियम बाहेर पडते, नंतर पंप ते परत आत ओढून घेतात, आणि घटलेला साठा पेशीबाहेरून येणाऱ्या कॅल्शियमने भरून निघाल्याने पुढचे स्पंदन शक्य होते. उंदरात ही स्पंदने काही मिनिटांच्या अंतराने होतात, गायीत व मानवात ती अधिक संथ असतात, आणि उंदरात ती साधारणपणे प्राक्‌केंद्रके (अंडपेशी व शुक्रजंतू यांची गुणसूत्रे सामावणारी दोन केंद्रके) तयार होईपर्यंत टिकतात.

वाढलेल्या कॅल्शियममुळे कॅमके-२ हे विकर कार्यान्वित होते, त्यातून ईएमआय-२ चा नाश होतो, सायक्लिन-बी विघटित होते आणि दुसरा ध्रुवपिंड (जादा गुणसूत्रे घेऊन जाणारी छोटी पेशी) बाहेर टाकून विभाजन पूर्ण होते. त्याच वेळी अंडपेशीच्या कडेचे कणपुटक (विकरे साठवणाऱ्या बारीक पिशव्या) फुटून ओव्हॅस्टॅसिन हे विकर बाहेर येते, ते बाह्य आवरणातील झेडपी-२ प्रथिन कापते आणि आणखी शुक्रजंतूंना प्रवेश मिळत नाही. सर्व घटनांना सारखीच स्पंदने लागत नाहीत : कणपुटक फुटण्यास थोडीच पुरतात, तर प्राक्‌केंद्रके तयार होण्यास अधिक लागतात. म्हणून कॅल्शियम वाढले की नाही, एवढेच पाहणे अपुरे आहे. ते किती वेळा व किती काळ वाढले, हेही तितकेच निर्णायक आहे.

सोलापूर जिल्ह्यात, जेथे लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस ही स्थानिक जात आहे, पशुपालकांच्या बोलण्यात कॅल्शियमचा उल्लेख वेगळ्या अर्थाने येतो. व्यायल्यानंतरच्या दुग्धज्वरात शिरेतून दिले जाणारे कॅल्शियम रक्तातील घट भरून काढते. अंडपेशीतील स्पंदने ही त्या पेशीची अंतर्गत घटना असून त्या उपचाराने ती सुरू होत नाहीत. म्हैस वारंवार उलटत असेल, म्हणजे रेतन करूनही गाभ न राहता पुन्हा माजावर येत असेल, तर माजाची वेळ, आहार व गर्भाशयाचे आजार यांचा विचार आधी करावा लागतो.

क्लोनिंगमध्ये शुक्रजंतूच नसल्याने सक्रियण कृत्रिमरीत्या करावे लागते. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ मध्ये क्लोन केलेले म्हशीचे पारडू जन्मले. म्हशीवरील अशा कामात कॅल्शियम आयनवाहक द्रव्य (कॅल्शियमला पटलातून पार नेणारे द्रव्य) वापरून एकदाच मोठी वाढ घडवली जाते आणि अंडपेशी पुन्हा थांबू नये म्हणून ६-डायमिथिलअमिनोप्युरिनची जोड दिली जाते. उंदराच्या अंडपेशीत स्ट्रॉन्शियमने स्पंदने निर्माण करता येतात. मानवात हा उपाय भरवशाचा ठरलेला नाही.

मानवी वंध्यत्वात या ज्ञानाचा उपयोग थेट आहे. १९९२ पासून प्रचलित झालेल्या इक्सी पद्धतीत शुक्रजंतू सुईने अंडपेशीत सोडला जातो, तरीही काही जोडप्यांत फलन होत नाही. पुरुषाच्या पीएलसीझेड-१ या, फॉस्फोलायपेज सी-झीटा घडवणाऱ्या, जनुकात दोष असणे किंवा शुक्रजंतूचे डोके गोल असून त्यात हे विकर नसणे, ही त्याची ज्ञात कारणे आहेत. अशा निवडक रुग्णांत आयनवाहक द्रव्याने सक्रियण करून गर्भधारणा साधल्या गेल्या आहेत.