बल्क कॅरियरचा माग

कोळसा, लोहखनिज, गहू, बॉक्साइट असा कोरडा माल पोत्यांत न भरता सुटाच होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या कोठारांत, ओतून नेणारे जहाज म्हणजे बल्क कॅरियर. त्याचा माग काढताना नावावर विसंबू नये. मालक बदलला की नाव बदलते, ध्वजही बदलतो. जहाज भंगारात निघेपर्यंत टिकतो तो सात अंकी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक. त्यातला शेवटचा अंक पडताळणीचा असतो. उदाहरणार्थ ९०७४७२९. पहिल्या सहा अंकांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज केली की १३९ येते. एकक स्थानी ९, क्रमांकाच्या शेवटीही ९. म्हणजे क्रमांक लिहिताना बहुधा चूक झालेली नाही.

जहाज कुठे आहे हे एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख व स्थान आपोआप रेडिओवरून कळवणारी यंत्रणा, सांगते. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० ग्रॉस टनांपासून (हे जहाजाच्या आतल्या जागेचे माप, वजनाचे नव्हे) पुढच्या जहाजांना ती २००४ अखेरपासून सक्तीची आहे. चालते जहाज दर २ ते १० सेकंदांनी स्थान, वेग व दिशा कळवते. नांगरलेले असेल तर दर ३ मिनिटांनी. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर हे संदेश उपग्रह टिपतात. पुढचे बंदर आणि ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालची खोली, मात्र जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो. हे भरायचे राहून गेले की पडद्यावर मागच्या फेरीचेच आकडे दिसत राहतात.

तरीही जहाजात माल आहे की नाही हे ओळखायला ड्राफ्टइतकी बोलकी नोंद नाही. भरलेले केपसाइझ, म्हणजे मोठ्या आकाराचे बल्क कॅरियर, सुमारे १८ मीटर खोल बसते, रिकामे झाले की बरेच वर येते. रत्नागिरीच्या जयगड बंदरात मोठी जहाजे खनिज उतरवतात आणि लहान जहाजे ते रायगड जिल्ह्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्याला नेतात. ड्राफ्टचे आकडे नीट भरलेले असतील तर ही देवाणघेवाण घरबसल्या कळते.

आकारांची नावे बहुधा वाटेवरून पडली. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांतून जाणारे ते पनामॅक्स, रुंदी ३२.३१ मीटरपर्यंत. सर्वांत मोठी व्हेलमॅक्स, सुमारे ४,००,००० टन भारक्षमतेची.

एआयएस नव्हती तेव्हा काय होई, ते ‘डर्बिशायर’वरून कळते. २९४ मीटर लांबीचे हे ब्रिटिश जहाज कॅनडाहून जपानला लोहखनिज नेत असताना सप्टेंबर १९८० मध्ये वादळात बुडाले. जहाजावरचे ४४ जण गेले. धोक्याचा एक संदेशही आला नाही. नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही, म्हणून १९९४ मध्ये सुमारे ४ किलोमीटर खोलीवर त्याचे अवशेष सापडले.