आयओटीएन निर्देशांक

आयओटीएन (इंडेक्स ऑफ ऑर्थोडॉन्टिक ट्रीटमेंट नीड) ही दात सरळ करण्याच्या उपचारांची गरज कोणाला किती आहे, हे श्रेणी लावून ठरवणारी ब्रिटिश मोजपद्धती. ब्रूक आणि शॉ यांनी ती १९८९ मध्ये मांडली. पाया स्वीडनमधल्या जुन्या वर्गवारीचा होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये दंतवैद्यांशी झालेल्या २००६ च्या करारापासून १८ वर्षांखालील मुलाला एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) खर्चाने तारा मिळणार की नाही, ते याच श्रेणीवर ठरते.

पद्धतीचे भाग दोन. दंतआरोग्याच्या भागात १ ते ५ श्रेणी आहेत. दिसण्याच्या भागात दातांची दहा छायाचित्रे आहेत: १ सर्वांत सुबक, १० सर्वांत बेढब. आरोग्यश्रेणी ४ किंवा ५ आली की मूल पात्र, १ किंवा २ आली की अपात्र. खरी ओढाताण ३ वर होते, कारण तिथे दिसण्याचा अंक ६ किंवा त्याहून जास्त असावा लागतो.

आरोग्यश्रेणी लावताना दोषांची बेरीज करत नाहीत. तोंडातला सर्वांत वाईट दोष तेवढा धरतात. त्यामुळे तपासणीचा क्रम ठरलेला असतो: आधी न आलेले किंवा अडकलेले दात, मग पुढे आलेले पटाशीचे दात, उलटा चावा (वरचे दात खालच्यांच्या आत बसणे), दाटीने सरकलेले दात आणि शेवटी खोल चावा (वरचे दात खालच्यांना फार झाकणे) किंवा उघडा चावा (वरचे-खालचे दात न टेकणे). पहिल्याच पायरीवर ५ मिळाली तर पुढे मोजण्यात अर्थ नाही.

हत्यार म्हणजे एक छोटी पारदर्शक पट्टी. ती चावण्याच्या पातळीला समांतर धरून खालच्या पटाशीच्या दाताच्या पुढच्या बाजूपासून वरच्या सर्वांत पुढे आलेल्या दाताच्या कडेपर्यंत अंतर मोजतात. ते ९ मिमीच्या वर गेले तर ५. ६ च्या वर, ९ पर्यंत ४. साडेतीनच्या वर, ६ पर्यंत ३, पण ओठ सहज मिटत नसतील तरच, नाहीतर २. मुले दात झाकायला खालचा जबडा नकळत पुढे काढतात. मग सात मिमी पाच भरतात आणि हक्काचा उपचार जातो. मागच्या दाढा नीट मिटवून मगच पट्टी लावावी.

दाटीत शेजारच्या दोन दातांच्या टेकायच्या जागा एकमेकींपासून किती सरकल्या ते पाहतात: ४ मिमीच्या वर श्रेणी ४, २ च्या वर ते ४ पर्यंत ३. दुधाचा आणि कायमचा दात यांच्यातले अंतर धरत नाहीत.

सर्वांत सहज निसटतो तो वरचा सुळा. तेरा वर्षांच्या मुलीचे हसू सरळ दिसते, दुधाचा सुळा जागेवर आहे, पण कायमचा टाळूत आडवा अडकलेला: श्रेणी ५. एक्स-रे काढला नाही तर तीच मुलगी १ किंवा २ मध्ये बसते. दहाव्या वर्षाच्या सुमारास ओठाच्या आतल्या बाजूने हिरडीवर सुळ्याचा फुगवटा बोटाला लागायला हवा. फक्त प्लॅस्टरच्या साच्यावरून श्रेणी लावताना उलट चूक होते: ओठ किंवा चावताना जबडा सरकतो का ते दिसत नाही म्हणून नियमानेच वाईटात वाईट स्थिती धरतात आणि श्रेणी फुगते.

छायाचित्रांशी जुळवताना नवखे परीक्षक तसेच दात शोधतात. शोधायचा असतो तेवढाच बेढबपणा, तोच दोष नव्हे. सुजलेली हिरडी आणि दातांचा रंगही सोडून द्यायचा असतो. छायाचित्रे समोरून घेतलेली असल्याने दात किती पुढे आलेत ते त्यांत धड कळत नाही, हा या भागाचा जुना दोष.

पात्र ठरलेल्या मुलालाही लगेच तारा बसत नाहीत. किडलेले दात भरलेले आणि घासण्याची सवय लागलेली असावी लागते. नाहीतर ब्रॅकेटभोवती (तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्यांभोवती) पांढरे डाग पडून सरळ झालेले दात खराब होतात.