१०-२०-३० चा प्रस्ताव परत का येतो? आधी सेवापुस्तक उघडून बघा

जळगाव, धुळे, नंदुरबार कुठूनही फोन आला तरी प्रश्न एकच असतो, "भाऊ, मना लाभ का नही उना?" (मला लाभ का नाही मिळाला?) राज्य सरकारी नोकरीत दहा वर्षं होऊन गेली, वरच्या पदाच्या पगाराचा लाभ मागून लागलेल्याला मिळाला, माझाच प्रस्ताव त्रुटी लावून परत. मी आस्थापनेच्या म्हणजे कर्मचाऱ्यांचे कागद आणि सेवापुस्तकं (नोकरीच्या सगळ्या नोंदींची पुस्तकं) सांभाळणाऱ्या टेबलावर बरीच वर्षं काढली, दोन्ही बाजू पाहिल्या, प्रस्ताव पाठवायची पण आणि परत आलेला घ्यायची पण. म्हणून जिथे माणसं खरोखर अडकतात तेवढंच नीट लिहितो, बाकीचं तुमचा क्लार्क करेलच.

आधी थोडक्यात योजना काय आहे ते. सातवा वेतन आयोग राज्यात १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, त्याचे नियम ३० जानेवारी २०१९ ला निघाले, आणि त्याच्यामागून २ मार्च २०१९ च्या जीआरने तीन लाभांची सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आली. पदोन्नती मिळालीच नाही तर नियमित सेवेची १०, २० आणि ३० वर्षं झाल्यावर वरच्या पदाचा पगार मिळतो. पद तेच, खुर्ची तीच, फक्त वेतनस्तर वरचा. त्याआधी २०१० च्या जीआरच्या योजनेत हेच १२ आणि २४ वर्षांनी होतं.

तारखेचा घोळ इथूनच सुरू होतो. १९९४ ला लागलेला माणूस म्हणतो माझी वीस वर्षं २०१४ ला झाली, मला २०१४ पासून दुसरा लाभ द्या. नाही मिळत. ही योजनाच १ जानेवारी २०१६ पासून आहे त्यामुळे त्याला दुसरा लाभ १ जानेवारी २०१६ पासून, त्याच्या आधीचा एक दिवस पण नाही. आणि बारा वर्षांचा लाभ घेतलेला असेल तर तो पहिला म्हणून मोजला जातो, मधे खरी पदोन्नती झाली असेल तर ती पण मोजली जाते. तीन म्हणजे सगळं मिळून तीन. मानधनावरची, कंत्राटी, रोजंदारीची वर्षं यात धरत नाहीत, नियमित नेमणुकीच्या तारखेपासूनच मोजायचं. हे ऐकून वाईट वाटतं मला माहीत आहे, कारण काम तेच केलेलं असतं, पण या मुद्द्यावर अर्ज करून करून लोक दोन दोन वर्षं घालवतात आणि तेवढ्या काळात बाकीचे कागद पण जमा करत नाहीत.

पैसा किती वाढतो ते एकदा आकड्यात बघा. समजा एस-६ या वेतनस्तरातला, दर १ जुलैला वेतनवाढ मिळणारा लिपिक. १ जुलै २०२५ ला त्याचं मूळ वेतन २६,००० होतं. जून २०२६ ला दहा वर्षं भरली की आधी एस-६ मधेच एक वेतनवाढ धरायची म्हणजे २६,८००, मग वेतन तक्त्यात वरच्या पदाच्या म्हणजे एस-८ च्या रकान्यात तेवढा किंवा त्याच्या लगेच वरचा आकडा बघायचा, तो २७,१००. म्हणजे मूळ वेतनात ११०० ची वाढ, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळं. आता त्याने विकल्प दिला की मला वेतननिश्चिती म्हणजे नव्या स्तरातलं मूळ वेतन १ जुलैच्या वेतनवाढीनंतर करून द्या, तर १ जुलैलाच तो २७,९०० वर जातो. विकल्प नाही दिला तर २७,१०० वर बसून राहतो, कारण १ जुलैपर्यंत नव्या स्तरात सहा महिने होत नाहीत, पुढची वेतनवाढ थेट १ जानेवारीला. हा विकल्प एक महिन्यात लेखी द्यायचा असतो, आणि ऑर्डर टेबलावर येऊन पडलेली असताना माणसाला तिचा पत्ताच नसतो. ऑर्डरची कॉपी घ्या, मिळाल्याची तारीख टाकून सही करा, आणि विकल्प त्याच आठवड्यात देऊन आवक नंबर घ्या. तोंडी सांगितलेल्या विकल्पाला काही किंमत नाही.

अर्जाला विशेष काही लागत नाही. साधा कागद, सोबत नियुक्ती आदेश, हजर झाल्याचा रिपोर्ट, स्थायित्व म्हणजे नोकरीत कायम झाल्याचं प्रमाणपत्र, जात वैधता (राखीव जागेवर असाल तर), एमएससीआयटी ही संगणक परीक्षा, विभागीय परीक्षा असेल तर तिचा निकाल, मत्ता व दायित्वाचं विवरण, आणि चौकशी चालू नसल्याचा दाखला, तो ऑफिसच देतं. खरं तर अर्ज करायलाच लागू नये, कोणाची कधी दहा वर्षं होतात हे ऑफिसने बघून यादी समितीपुढे ठेवायची असते. पण होत नाही, म्हणून अर्ज करा.

आता खरी अडचण. भाषा परीक्षा. मराठी आणि हिंदी भाषा परीक्षा पास व्हायला लागते, आणि ज्याने दहावीला हे विषय घेतलेत त्याला सूट मिळते. आपल्याकडे जवळजवळ सगळेच मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मला लागूच नाही. बरोबर आहे, पण सूट आपोआप मिळत नाही बरं का, सूट दिल्याचा आदेश निघायला लागतो आणि त्याची नोंद सेवापुस्तकात यायला लागते. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या पुस्तकात ती नसते. मग दहावीचं मार्कशीट शोधा, ते गावाकडे, पत्र्याच्या पेटीत, बोर्डाची दुय्यम प्रत काढायची तर अजून महिना. हा एक कागद आजच काढून ठेवा.

एमएससीआयटीचं पण तसंच. राज्य कर्मचाऱ्यांना मुदत ३१ डिसेंबर २००७ होती. ज्याने नंतर पास केली त्याच्या वेतनवाढी तपासल्या जातात आणि वसुली निघते. त्यात परीक्षा पास झाल्याची तारीख बघतात, सर्टिफिकेट हातात आल्याची नाही, तेव्हा नोंद चुकीच्या तारखेने झाली असेल तर ती लगेच दुरुस्त करून घ्या.

गोपनीय अहवाल, म्हणजे साहेब आपल्या कामाबद्दल दर वर्षी लिहितात ते, मागच्या पाच वर्षांचे लागतात, पण कुठले पाच? आत्तापासून मागचे नाही, ज्या तारखेला दहा वर्षं भरली त्याच्या आधीचे पाच. प्रस्ताव उशिरा जातो तेव्हा ही चूक हमखास होते. आणि त्यातलं एखादं वर्ष नसतंच, साहेब बदलून गेले, रिटायर झाले, अहवाल लिहिलाच नाही. याचा भुर्दंड कर्मचाऱ्याने का भरावा हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. तुमच्या हातात एवढंच आहे की दर एप्रिलमधे आपलं स्वयंमूल्यनिर्धारण वेळेवर द्या आणि दिल्याची पोच घरी फाईलला लावा, म्हणजे अहवाल नसला तरी चूक तुमची नाही हे दाखवता येतं.

पदोन्नती नाकारलेल्यांनी हे नीट वाचा. आपल्याकडे बऱ्याच जणांनी घरची शेती, आईवडिलांचं आजारपण म्हणून लांबची पदोन्नती नको लिहून दिलंय. पदोन्नती नाकारली की हा लाभ मिळत नाही. नकार लिहून देताना हे कोणी सांगत नाही, दहा वर्षांनी कळतं. सही करायच्या आधी दोन रात्री विचार करा.

धडगाव, अक्कलकुव्याकडे काम केलेल्यांची वेगळी गोष्ट. ६ ऑगस्ट २००२ च्या जीआरने आदिवासी भागात काम करणाऱ्यांना एकस्तर (एक पायरी वरची) वेतनश्रेणी आणि १५ टक्के प्रोत्साहन भत्ता मिळतो, भत्ता कमीत कमी २०० आणि जास्तीत जास्त १५००. पण एकस्तर तिथे आहात तोपर्यंतच. बदली होऊन खाली सपाटीला आलात की मूळ वेतनश्रेणीवर यायचं. आता होतं काय, अंतिम वेतन प्रमाणपत्रात म्हणजे एलपीसीत वरचाच पगार लिहून येतो, नवं ऑफिस तोच सेवार्थला, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीला टाकतं, आणि वर्षानुवर्षं जास्तीचा पगार निघत राहतो. तुम्हाला वाटतं पगार बरोबर आहे. नाशिकच्या वेतन पडताळणी पथकाकडे पुस्तक गेल्यावर एकदम उघडं पडतं. तेव्हा डोंगरातून बदली झाली की पहिल्याच पगाराची स्लिप काढून मूळ वेतन बघा, कमी झालं नसेल तर स्वतः लेखी कळवा.

वसुलीबद्दल लोक मला सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवतात. आहे, रफिक मसीह प्रकरण, डिसेंबर २०१४. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्याकडून, रिटायर झालेल्याकडून किंवा वर्षभरात होणाऱ्याकडून, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त काळ दिलेल्या जादा पैशाची वसुली करू नये असं त्यात आहे. पण २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात कोर्टाने हे पण सांगितलं की जास्तीचे पैसे परत करीन असं वचनपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली करता येते. आणि वेतननिश्चितीच्या वेळी आपण सगळ्यांनी तसं वचनपत्र सही करून दिलंय. त्यामुळे निकालावर भिस्त ठेवून बसू नका, चूक दिसली की आधीच दुरुस्त करा.

एका ताईंचं सांगतो. शिपाई होत्या, रिटायरमेंटला सात महिने राहिलेले. पुस्तक पडताळणीहून परत आलं, पान उघडलं तर लाल शाईत एक ओळ, नावात तफावत. नियुक्ती आदेश माहेरच्या नावाने, पुस्तकाचं पहिलं पान सासरच्या नावाने, आणि मधे जोडणारा कागदच नाही. लग्न गावात झालेलं, नोंदणी कोणी केली होती तेव्हा? ताई पदराने ते पान पुसत होत्या, जणू शाई निघेल. शेवटी उशिराची विवाह नोंदणी केली, राजपत्रात नाव बदलाची जाहिरात दिली, त्याची नोंद घेतली, चार महिने गेले. हे काम लग्नानंतर पहिल्या वर्षात करायला एक दिवस पुरतो. मुलींनो, सुनांनो, नोकरी लागली असेल तर या आठवड्यात करा. जन्मतारीख चुकली असेल तर अजून घाई, कारण नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांनंतर ती बदलता येत नाही.

रजेच्या नोंदी पण अशाच राहतात. रजा घेतली, अर्ज दिला, मंजुरीचा आदेश निघालाच नाही, तर ते दिवस पुस्तकात कोरे. मार्च २०२३ च्या संपाचे १४ ते २० तारखेचे दिवस तुमच्या पुस्तकात कसे दाखवलेत ते पण बघून घ्या, अजून बऱ्याच पुस्तकांत तिथे काहीच नाही.

मधेच बोनसचं, कारण दिवाळी आली की घरोघरी हाच विषय. भुसावळला शेजारी रेल्वेवाला असतो, त्याला ७८ दिवसांचा बोनस, १७,९५१ रुपये. आपल्या बायकोने विचारलं तुमचा कुठंय तर काय सांगायचं? तो आकडा त्याच्या खऱ्या पगारावर नसतो, महिन्याला ७००० ची मर्यादा धरून काढलेला असतो म्हणून गँगमनला आणि स्टेशन मास्तरला सारखाच मिळतो. केंद्राच्या ज्या खात्यांत उत्पादकतेचा बोनस नाही तिथे ३० दिवसांचा तदर्थ बोनस, तो त्याच मर्यादेने ६,९०८ होतो. राज्य कर्मचाऱ्याला असा बोनस नाही. आपल्याला मिळतो तो सण अग्रिम, १२,५०० रुपये, बिनव्याजी, आणि दहा हप्त्यांत पगारातून कापून जातो. उचल आहे ती. वर्षातून एकाच सणाला मिळतो, आधीचा फिटलेला नसेल तर नवा नाही, आणि अर्ज बिल जायच्या आधी दिला तरच. दिवाळीच्या चार दिवस आधी अर्ज घेऊन येणाऱ्याला कोषागार काही करू शकत नाही.

आता काय करायचं ते. सेवापुस्तक दर वर्षी कर्मचाऱ्याला दाखवून सही घ्यायची हा नियम आहे, आणि दुय्यम प्रत तुमच्याकडे असणं हा तुमचा हक्क आहे. लेखी मागा. मिळाली की सगळ्यात आधी पहिलं पान, मग भाषा सूट, स्थायित्व, एमएससीआयटी, प्रत्येक वेतनवाढीची तारीख, मग २०१६ च्या निश्चितीचा तक्ता, जुन्या मूळ वेतनाला २.५७ ने गुणलेला आकडा स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा. प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, कारण पुस्तक तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून नाशिकला, आणि पेन्शनच्या वेळी मुंबईला महालेखापालांकडे जातं, वाटेत सुटी पानं निघून गेलेली मी पाहिलीत.

३० जूनला रिटायर होणारे असाल तर अजून एक. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वर्षभर काम केलंय तर १ जुलैची वेतनवाढ धरायलाच पाहिजे, आणि राज्यात ती आता पेन्शनसाठी काल्पनिक म्हणून धरतात. पेन्शनच्या कागदात ती लावलीय का हे पुस्तक मुंबईला जायच्या आधी बघा. तिकडे गेल्यावर दुरुस्ती करायला पुन्हा सगळी फाईल फिरवावी लागते, आणि तेवढे महिने तात्पुरत्या पेन्शनवर काढावे लागतात.