दिसतं ‘नाशिक’, ऐकू येतं भलतंच

पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सूचनेचा फोटो फिरू लागतो. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, हे पाहून डोळस माणूस पुराचा अंदाज बांधतो. पंचवटीतल्या अंध दुकानदाराला मात्र, पडद्यावरचं वाचून दाखवणारा मोबाइलमधला टॉकबॅक एवढंच सांगतो : ‘फोटो’. किती क्युसेक, किती वाजता, सगळं चित्रात अडकलेलं. चित्रातला मजकूर वाचणारी ॲप आहेत. पण भिंतीवरच्या कागदाचा तिरका फोटो असला तर १ चा ९ सहज होतो. विसर्गाच्या आकड्यात ही चूक कशी चालेल?

फाइल टाइप केलेली असली म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर अक्षराचा आकार बघत नाही, त्यामागचा संकेतांक वाचतो. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत ‘क’ला स्वतःचा संकेतांक आहे : ०९१५. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. पडद्यावर ‘नाशिक’ दिसतं, पण फाइलमध्ये असतं यू, के, एफ, अपॉस्ट्रॉफी, के, डी. बिचारा स्क्रीन रीडर तेच वाचतो.

ओळखायचं कसं? मजकूर कॉपी करून मोबाइलच्या मेसेजमध्ये पेस्ट करा. मराठीच राहिला तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा काला झाला तर जुना फॉन्ट. मजकूर निवडताच येत नसेल तर तो बहुधा फोटोच.

जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढता येते, पण डोळे मिटून नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. ही अदलाबदल चुकली की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. मजकुरात मधेच खरं इंग्रजी असेल तर तेही मराठी होतं : धरणासाठीचा ‘डॅम’ हा इंग्रजी शब्द कृतिदेवच्या हिशेबाने ‘कंउ’ होतो! म्हणून इंग्रजी शब्द आणि आकडे मूळ कागदाशी एकेक करून ताडून पाहावेत.

मराठीची खास अडचण म्हणजे ‘ऱ्य’. ‘व्यापाऱ्यांनी टपऱ्या हलवाव्यात’ या एका ओळीत तो दोनदा येतो. साधा र, हलन्त आणि य जोडला की ‘टपर्या’ होतं. उच्चार बिघडतो आणि ‘टपऱ्या’ शोधणाऱ्याला ती सूचना सापडतही नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की ऱ येतो, मग ‘डी’ने हलन्त, आणि तिरक्या रेघेच्या कळीने य.

फोटो पाठवायचाच असेल तर खाली तोच मजकूर टाइप करावा : विसर्ग, वेळ, कोणता भाग, संपर्क क्रमांक. ‘वरील सूचना पहा’ एवढंच नको. पाठवण्याआधी अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक सुरू करून, पडद्याकडे न बघता ती सूचना एकदा ऐकावी. तसं करण्यापूर्वी तो बंद कसा करायचा तेही बघून ठेवा; टॉकबॅक चालू असताना एका टिचकीने बटण दाबलं जात नाही, दोनदा टिचकी मारावी लागते.