कमी खर्चात शॅबी शिक घर: आधी माळा बघा, मग दुकान

(कुडाळच्या आमच्या फर्निचर वर्कशॉपकडून ग्राहकांसाठी माहिती)

हल्ली गावचं घर दुरुस्त करणारे चाकरमानी असोत नाहीतर मालवण-वेंगुर्ल्याकडचे होमस्टेवाले असोत, बरेच जण मोबाईलवर फोटो दाखवतात, दुधाळ रंगाचं कपाट, कडा घासून आतलं लाकूड दिसतंय, फुलाफुलांचे फिके पडदे, भिंतीला टेकवलेली जुनी खिडकी, आणि विचारतात असं करायला किती लागतील. ह्यालाच शॅबी शिक म्हणतात. आमचं पहिलं सांगणं असतं की आधी घरी जाऊन माळा बघा, मागची पडवी बघा, गोठ्यात काय टाकलंय ते बघा, आणि मग आमच्याकडे या.

कारण ही स्टाईल मुळात जुन्या सामानाचीच आहे. इंग्लंडमधल्या गावाकडच्या जुन्या घरांत जसं वापरून वापरून फिकं झालेलं सामान असायचं तिथून ती आली आणि १९८९ मध्ये रेचेल अ‍ॅशवेल ह्या बाईंनी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाला ह्याच नावाचं दुकान काढलं तेव्हापासून ती जगभर गेली. जुन्या बाजारातलं फर्निचर आणायचं, रंगवायचं, सोफ्याला धुता येतील अशी सैल कव्हरं घालायची, एवढंच त्यात होतं. आता शोरूममध्ये त्याच नावाखाली नवीन एमडीएफचं (लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळीचं) टेबल मशीनने घासून हजारो रुपयांना विकतात, ते कृपया घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत एमडीएफ ओल धरतं, कडेने फुगतं, आणि एकदा फुगलं की त्याला काही करता येत नाही. त्याच पैशात तुमच्या आजोबांचं फडताळ आणखी चाळीस वर्षं चालेल असं करून मिळतं.

काय शोधायचं? जाळीचं दुधाचं कपाट मिळालं तर सोडू नका, ह्या कामाला त्याच्याइतकं छान दुसरं काही नाही. त्याशिवाय पेटारा, पत्र्याची ट्रंक, पाट, बाकडं, शाळेतल्यासारखं डेस्क, शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड (वर फळी टाकली की बेसिनखाली किंवा खिडकीपाशी टेबल तयार), लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, टवके उडालेल्या इनॅमलच्या थाळ्या, कंदील. घर पाडताना निघालेल्या खिडक्या आणि दारांच्या फळ्या लोक चुलीत घालतात, ते बघून खरंच जीव तुटतो.

पण सगळंच रंगवायचं नसतं. शिसवी आरामखुर्ची, जुन्या सागवानाचं कोरीव काम, देव्हारा, ह्यांच्यावर आम्ही पांढरा रंग मारत नाही, तुम्ही सांगितलं तरी आधी दोनदा विचारू. त्यांना नुसतं साफ करून पॉलिश द्या. खोलीत एकच अशी गडद लाकडाची वस्तू असली की बाकीचं फिकं सामान उठून दिसतं. रंगवायला चांगलं म्हणजे आंब्याच्या फळ्यांचं, प्लायचं, किंवा आधीच दोन-तीन वेळा ऑइलपेंट मारून बिघडवलेलं सामान.

आता मुद्द्याचं. ह्या कामात रंग स्वस्त असतो, पैसे आणि वेळ तयारीला लागतो, आणि बजेट कमी असेल तर रंगात वाचवा, तयारीत नको. आधी वस्तू पूर्ण सुकली पाहिजे. पावसात पडवीत राहिलेलं लाकूड वरून कोरडं वाटतं पण आत ओलं असतं, त्यावर रंग मारला की फुगे येतात नाहीतर पापुद्रा सुटतो. मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्यावर, सावलीत महिनाभर ठेवा, कडक उन्हात खळ्यात टाकू नका, फळ्या तडकतात. मग कीड बघा. वस्तूखाली काळा कागद अंथरून ठेवा, दोन दिवसांनी त्यावर बारीक पिवळट भुसा पडलेला दिसला तर आत कीड जिवंत आहे. भोकांत सिरिंजने औषध सोडायचं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं, आठवड्याने परत. हे आम्ही करून देतो, घरी करायचं तर हातमोजे घाला आणि पोराबाळांपासून लांब करा.

जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. वॉटरपेपर पाण्यात बुडवून ओलं घासायचं, लगदा फडक्याने पुसून कचऱ्यात टाकायचा, विहिरीपाशी धुवायचा नाही.

आणि एक गोष्ट जी व्हिडिओत कोणी सांगत नाही, ती म्हणजे डाग. सागवानात तेल असतं, फणसाच्या लाकडात पिवळा रंग असतो, आणि आपल्याकडे वाळवी लागू नये म्हणून जुन्या फळ्यांना काजूच्या टरफलांचं काळं तेल लावलेलं असतं. अशा फळीवर सरळ पांढऱ्या रंगाचा हात मारला की पहिल्या दिवशी एकदम मस्त दिसतं आणि चार-आठ दिवसांत गाठींच्या जागी चहा सांडल्यासारखे पिवळे-तपकिरी डाग वर येतात, मग वरून कितीही रंग मारा, ते परत येतात. ह्याला उपाय चपडा लाखेचा (पॉलिशवाले वापरतात ते लाखेचे पातळ सुके पापुद्रे). अर्धा लिटर स्पिरिटमध्ये साधारण १०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवायचा, गाळायचा, आणि रंगाच्या आधी त्याचे दोन हात पूर्ण वस्तूवर द्यायचे, गाठींवर तीन. स्पिरिट लगेच पेट घेतं म्हणून चूल, गॅस, विडी-सिगरेट जवळ नको. काजूचं तेल फार मुरलेलं असेल, हाताला चिकट काळपट लागत असेल, तर ती फळी रंगवूच नका, तिचं बाहेरचं बाकडं करू.

रंग. चॉक पेंट म्हणून खडूसारखा मॅट दिसणारा जो रंग मिळतो तो इंग्लंडच्या अ‍ॅनी स्लोन यांनी १९९० मध्ये काढला, बाहेरून मागवला तर महाग पडतो. घरगुती असा करा: एक वाटी प्लास्टर ऑफ पॅरिस, एक वाटी पाणी, गुठळी न राहता कालवायचं आणि लगेच तीन वाट्या साध्या मॅट इमल्शनमध्ये ढवळायचं. थोडाच करा, काही तासांत घट्ट होतो. पीओपीऐवजी खडू पावडर घेतली तर एवढी घाई करावी लागत नाही. शेड एकदम पांढरीफेक नको, दुधाळ, फिका पिस्ता, धुतलेला निळा, हे आपल्या जांभ्याच्या लाल भिंतीशेजारी छान बसतात.

दोन हात सुकले की घासायचं, आणि इथेच लोक सगळीकडे सारखं घासून मोकळे होतात. नीट बघा, जुनं कपाट झिजतं कुठे, तर ड्रॉवरच्या मुठीभोवती जिथे बोटं लागतात, दाराच्या खालच्या कोपऱ्याला जिथे पाय लागतो, वरच्या कडेला. तेवढंच घासा, २२० नंबरच्या पेपरने, हलक्या हाताने. फळीच्या मधोमध ओरखडे काढले की ते खोटं दिसतं. रंग मारायच्या आधी त्या कडांवर मेणबत्ती घासून ठेवली तर रंग तिथे धरत नाही आणि नंतर सहज निघतो. शेवटी बाहेरदेशी मेण लावतात, आपल्याकडे उन्हाळ्यात ते चिकट होतं आणि पावसात त्यावर बुरशी धरते, म्हणून आम्ही वॉटर-बेस्ड मॅट पीयूचे (पॉलीयुरेथेन वॉर्निशचे) दोन हात देतो आणि पाठीमागची बाजूसुद्धा सोडत नाही, कारण ओल भिंतीकडूनच येते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

भिंतीला महाग टेक्स्चर पेंट करू नका, चुन्याचा रंग द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, बुरशीला सहज थारा देत नाही, आणि त्याचा ढगाळ फिकेपणा ह्या स्टाईलला हवा तसाच असतो. थोडी नीळ टाकली की फिका निळा, गेरू टाकला की गुलाबीसर, हे दोन्ही चुन्यात टिकतात. मात्र आधी प्लास्टिक पेंट असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, आधी तो पेंट खरवडावा लागेल. आणि ओल चढलेली, पोपडे सुटलेली भिंत म्हणजे शॅबी शिक नव्हे, ती गळती आहे, आधी कौलं आणि पन्हळ बघून घ्या.

कापडाला तर खर्चच नाही. मऊ झालेली सुती नऊवारी साधारण आठ मीटर असते, त्यात दोन साध्या खिडक्यांचे पडदे होतात, काठ खाली ठेवायचा. आजीने क्रोशाने विणलेला रुमाल ट्रंकेवर, गोधडी बाकड्यावर. फोटोतली पांढरी शुभ्र सोफा कव्हरं मात्र नको, लाल मातीचे पाय घरात येतात, महिन्याभरात ती कायमची तांबूस होतील. बारीक फुलांचं कापड घ्या.

कड्या, बिजागऱ्या, स्क्रू पितळीच घ्या, खाऱ्या हवेत साधं लोखंड एका पावसात गंजतं आणि गंजाचा ओघळ नव्या रंगावर उतरतो. लोखंडी ट्रंकेला आधी गंज घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्राइमर), मग रंग.

शेवटची विनंती वेळेबद्दल. सगळ्यांना गणपतीच्या आधी सामान हवं असतं आणि श्रावणात आणून देतात, त्या हवेत रंग आतून सुकत नाही आणि दार चौकटीला चिकटतं. गणपतीला हवं असेल तर एप्रिलच्या आत द्या, नाहीतर दिवाळीनंतर निवांत करू. कीड, सांधे आणि चपडा आमच्याकडून करून घ्या, रंग आणि घासणं घरी करा, त्याने मजुरी बरीच वाचते आणि कसं करायचं ते आम्ही एका फळीवर करून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. येताना वस्तूचा पुढून, मागून आणि खालून फोटो आणा, लांबी-रुंदी-उंची लिहून आणा, आणि आधी त्यावर काय लावलं होतं ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारून या.