दूधआईच्या थडग्यातला सिंह

कैरोच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर सक्कारा आहे. प्राचीन मेम्फिस शहराची ही दफनभूमी. जोसेर राजाचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड इथे इ.स.पू. २६५०च्या सुमारास उभा राहिला. त्यानंतर तेराशे वर्षांनी त्याच पठाराच्या कड्यात, माया नावाच्या बाईसाठी खडक कोरून थडगं तयार झालं. माया ही तुतनखामुनची दूधआई. आतल्या एका उठावशिल्पात हा राजा तिच्या मांडीवर बसलेला दिसतो.

१९९६ साली अलँ झिवी यांच्या फ्रेंच पथकाला हे थडगं सापडलं, तेव्हा आत मांजरांच्या ममी भरलेल्या होत्या. मायानंतर हजारेक वर्षांनी या कड्याजवळ मांजररूपी बास्तेत देवीचं देऊळ भरभराटीला आलं होतं. भाविक देवीला मांजराची ममी वाहत. एवढ्या ममी ठेवायच्या कुठे? कड्यातली जुनी थडगी आयतीच होती. पुढे इ.स.च्या पाचव्या शतकाच्या अखेरीस इथे ख्रिस्ती मठ उभा राहिला आणि त्याच्या बांधकामात जुन्या थडग्यांचे कोरीव दगड लागले.

अशा जागी खोदताना इतिहास उलटा वाचावा लागतो. आधी मांजरं, मग माया. आणि हे वाचन एकदाच करता येतं, कारण उचललेला थर पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक हाड कुठे आणि कोणत्या स्थितीत होतं, याची नोंद आधी, उचलणं नंतर. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक उत्खननांत जुन्या, देखण्या वस्तूंच्या ओढीने वरचे थर कचरा म्हणून उपसले गेले. ते नुकसान आता भरून येणार नाही, आणि मला ते फार लागतं.

मायाच्या थडग्यात ती घाई झाली नाही, म्हणूनच २००१ साली मांजरांच्या सोबतीला सिंहाचा अख्खा सांगाडा मिळाला. कापडाच्या पट्ट्या उरल्या नव्हत्या. पण हाडांची ठेवण आणि रंग यांवरून त्याचीही मांजरांसारखीच ममी केली असावी, असं अभ्यासकांनी २००४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं. इजिप्तमध्ये पवित्र सिंह पाळत आणि पुरत, हे प्राचीन लिखाणातून ठाऊक होतं, पण सबंध सिंह तोवर हाती आला नव्हता. या सिंहाचे दात पार झिजलेले होते. म्हणजे तो म्हातारा होऊन मेला, बहुधा माणसांच्याच देखरेखीखाली.