स्लगिंग की आयएसओ? ॲडम डनचा जोर कशात दिसतो

बेसबॉलमधल्या दोन फलंदाजांचे आकडे पाहा: टोनी ग्विनची कारकिर्दीतली स्लगिंग टक्केवारी (एका पाळीमागे फटक्यांवर मिळालेल्या बेसची सरासरी) ०.४५९, तर ॲडम डनची ०.४९०. नुसते हे आकडे पाहिले तर दोघांच्या फटक्यांतला जोर उन्नीस-वीस वाटेल. प्रत्यक्षात ग्विनचे होम रन (बहुधा चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके, क्रिकेटच्या षटकारासारखे) १३५ आणि डनचे ४६२. स्लगिंगलाच ताकदीचं माप समजलं की अशी फसगत होते. ताकद वेगळी काढून दाखवणारा आकडा म्हणजे आयसोलेटेड पॉवर, बोलीभाषेत आयएसओ.

फटक्यावर फलंदाज धावत किती बेस, म्हणजे मैदानातले टप्पे, गाठतो त्यावरून त्याला सिंगल, डबल, ट्रिपल किंवा होम रन म्हणतात. स्लगिंग काढताना सिंगलचा १ बेस, डबलचे २, ट्रिपलचे ३, होम रनचे ४ धरायचे आणि बेरजेला ॲट-बॅटच्या (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्यांच्या) संख्येने भागायचं. नावात टक्केवारी असली तरी हा आकडा शंभरातला नाही. एका ॲट-बॅटमागे सरासरी किती बेस मिळाले, एवढंच तो सांगतो, आणि त्याची कमाल मर्यादा ४ आहे. आयएसओत सिंगलला काहीच मिळत नाही. डबलला १, ट्रिपलला २, होम रनला ३. झटपट काढायचा तर स्लगिंगमधून बॅटिंग ॲव्हरेज (हिट, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके, भागिले ॲट-बॅट) वजा करा. ग्विनचं ॲव्हरेज ०.३३८, म्हणून आयएसओ ०.१२१. डनचं ०.२३७, म्हणून ०.२५३. दुपटीहून जास्त! ग्विनचं स्लगिंग मुख्यतः सिंगल्सवर उभं आहे. यात त्याला उणेपणा नाही, आठ वेळा बॅटिंगचा (लीगमधल्या सर्वोच्च ॲव्हरेजचा) किताब जिंकलेला माणूस आहे तो. पण त्याची कला वेगळी.

वय वाढलेल्या स्लगरच्या (जोरदार फटके मारणाऱ्या फलंदाजाच्या) बाबतीत हा फरक फारच कामाचा ठरतो. २००५ ते २००८ या चारही मोसमांत डनने बरोबर ४०-४० होम रन मारले. २०११ साली तो शिकागो व्हाइट सॉक्स या संघाकडे आला, एप्रिलमध्येच अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि मोसम पार कोसळला: ४१५ ॲट-बॅट, ६६ हिट, त्यात १६ डबल आणि ११ होम रन. ॲव्हरेज ०.१५९, स्लगिंग ०.२७७, आयएसओ ०.११८. म्हणजे चेंडू बॅटला लागणंही कमी झालं होतं आणि लागला तरी तो लांब जात नव्हता.

२०१२ मध्ये ५३९ ॲट-बॅटमध्ये ११० हिट: ५० सिंगल, १९ डबल, ४१ होम रन. बेस झाले ५० + ३८ + १६४ = २५२, म्हणून स्लगिंग ०.४६८. कारकिर्दीच्या सरासरीपेक्षा हे कमीच, तेव्हा ‘आता हा थकला’ असं कुणी म्हणेल. आयएसओ मात्र (१९ + १२३) ÷ ५३९ = ०.२६३, कारकिर्दीपेक्षा वरचढ. जोर शाबूत होता. घसरलं होतं ते ०.२०४ वर आलेलं ॲव्हरेज, आणि २२२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) पाहिले की त्याचं कारणही कळतं. (०.४६८ मधून ०.२०४ वजा केले तर ०.२६४ येतात, हा पूर्णांकनाचा फरक आहे, चूक नव्हे.)

आयएसओवरही डोळे झाकून विसंबू नये. पायाने चपळ खेळाडू डबलचा ट्रिपल करतो तेव्हा त्याचा आयएसओ वाढतो, आणि त्यात मनगटाचा काही वाटा नसतो. मोसमाच्या सुरुवातीला ६० ॲट-बॅट झाले असताना दोन होम रन कमी-जास्त झाले, तर आकडा एकदम ०.१०० ने हलतो. एप्रिलच्या, म्हणजे मोसमाच्या सुरुवातीच्या, आयएसओवरून निकाल देऊ नये, ते एवढ्यासाठीच.

वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्यावर फटका न मारता मिळणारा पहिला बेस) मात्र स्लगिंग आणि आयएसओ दोन्हींत नाहीत, कारण वॉक ॲट-बॅटमध्ये मोजलाच जात नाही. डनने कारकिर्दीत १,३१७ वॉक मिळवले. ते पाहायचे तर त्याची ऑन-बेस टक्केवारी (वॉक धरून तो किती वेळा बेसवर पोहोचला त्याचं प्रमाण), ०.३६४, या दोन आकड्यांच्या शेजारी ठेवावी लागते.